कवळीचा दोष नाही

चष्म्याला डबी असते. मोबाइलला कव्हर असते. गुडघ्याच्या पट्ट्यालाही कपाटात एक खण मिळतो. कवळी मात्र रुमालात गुंडाळून उशाखाली जाते, नाहीतर न्हाणीच्या कोनाड्यात साबणाशेजारी पडते, किंवा महिनोन्‌महिने तोंडातून बाहेरच निघत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजच्या बजाजनगरात, रांजणगावात, जोगेश्वरीत किंवा मूळ वाळूज गावात हे चित्र पाहायला फार शोधावे लागत नाही. आणि विचारायला जावे तर उत्तर ठरलेले: ‘प्लास्टिकच ते. त्याला कसली आलीय निगा?’

पुढे याच घरांतून तक्रारी येतात. कवळीला वास मारतो. टाळू लाल होते. दोन-तीन वर्षांत ढिली झाली, भाकरी चावत नाही, बोलताना खाली पडते. मग निकाल लागतो, ‘कवळीत पैसे घातले ते पाण्यात गेले.’ हा निकाल मान्य करण्यासारखा नाही. कवळीच्या माथी मारलेले बहुतेक गुन्हे तिच्याशी घरात जे वागले जाते त्याचे आहेत. आणि हे वागणे म्हाताऱ्या माणसांच्या हट्टातून आलेले नाही. त्यांना कुणी बसून, हातात धरून, दाखवून सांगितलेच नाही.

वाळूजमध्ये हा विषय आज काढायला कारण आहे. गंगापूर तालुक्यातल्या या पट्ट्यात बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्यामागे सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग लागली. पैठण, वैजापूर, नेवासा, बीड, जालना, कुठून कुठून विशी-बाविशीची पोरे येऊन कामाला लागली. ती पोरे आज साठी ओलांडून गेली आहेत. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून ओठामागे तंबाखू धरलेली, २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी येईपर्यंत आणि त्यानंतरही पुड्या फोडलेली ही पिढी. त्यांच्या आया गावाकडून राहायला आल्या त्या मिशरीची डबी घेऊन. दात हलले, पडले, काढावे लागले. आज कुणाच्या तोंडात पूर्ण बत्तीशीची कवळी आहे, कुणाच्या तोंडात दोन-चार दातांची तारेची कवळी. पुढच्या दहा वर्षांत अशी तोंडे वाढणारच आहेत.

सगळ्यात निरागस गैरसमजापासून सुरुवात करू. दात म्हटले की पेस्ट. कवळी हातात घ्यायची, ब्रशवर बोटभर पेस्ट घ्यायची आणि खसाखसा घासायची. काही घरांत पेस्टऐवजी राखुंडी, मीठ, काळे मंजन, आणि डाग फारच चिवट असले तर भांड्यांची घासणी. यामागची स्वच्छतेची तळमळ खरी आहे. साधन मात्र साफ चुकीचे आहे.

कवळीचा गुलाबी भाग आणि बहुतेक कवळ्यांचे दातही ॲक्रिलिकचे असतात. कठिणपणा मोजण्याचे नूप नावाचे एक माप आहे. त्यात खऱ्या दाताचे कवच तीनशेच्या पुढे जाते, तर ॲक्रिलिक विशीच्या आसपास राहते. पेस्टमध्ये खडूची किंवा सिलिकाची जी बारीक पूड असते ती खऱ्या दाताच्या कवचाला सोसेल अशा बेताने घातलेली असते. तीच पूड ॲक्रिलिकवर रोज सकाळी फिरली की बारीक बारीक चरे पडतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. कवळी चकचकीत होण्याऐवजी दिवसेंदिवस निस्तेज का होत चालली, याचे कारण तिथे असते. आणि त्या चऱ्यांत अन्नाचा अंश, चहाचा रंग, जिवाणू आणि ‘कॅन्डिडा’ नावाची बुरशी घर करून बसते. जितके घासावे तितके चरे, जितके चरे तितका वास, आणि वास आला म्हणून आणखी जोराने घासणे.

वाळूजच्या कामगाराला खरे तर हे समजावून सांगावे लागू नये. डायच्या पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर एमरी पेपर फिरवला तर काय होते, हे त्याने स्वतःच्या हाताने पाहिलेले आहे. प्रत्येक मशीनवर ‘काय लावायचे आणि काय लावायचे नाही’ याचा तक्ता टांगलेला असतो. शिफ्ट सुरू होताना मशीन पुसणे, तेलाची पातळी बघणे, वहीत टिक करणे, हे त्याने तीस वर्षे केले. दुसऱ्याच्या मालकीच्या यंत्राला जो मान त्याने आयुष्यभर दिला, तो स्वतःच्या तोंडात बसणाऱ्या वस्तूला का देऊ नये? कुणीतरी तसाच तक्ता त्याच्या बेसिनवर लावायला हवा होता, एवढेच.

मग धुवायची कशाने? भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब किंवा अंगाचा साधा साबण, मऊ दात्यांचा वेगळा ब्रश आणि साधे पाणी. ‘डेन्चरचे महागडे क्लीन्सर आम्हाला कुठून परवडणार’ हा आक्षेप इथेच संपतो, कारण रोजच्या धुण्याला त्याची गरजच नाही.

हे धुणे कसे करायचे ते मात्र जवळून पाहण्यासारखे आहे. बेसिनमध्ये आधी एक जुना रुमाल अंथरायचा, नाहीतर खाली पाण्याने अर्धा भरलेला टब ठेवायचा. साबण लागला की कवळी बुळबुळीत होते आणि हातातून निसटते. फरशीवर पडली तर खालची कवळी, जी घोड्याच्या नालेसारखी असते, ती बरोबर मधोमध मोडते. म्हणून ती मुठीत आवळायची नाही, एका बाजूने चिमटीत धरायची. दात सगळेच घासतात, पण खरी मेख आहे आतल्या बाजूला, जी हिरडीला आणि टाळूला टेकते. तिथे उंचवटे आणि खोलगट घड्या असतात. बऱ्याच दिवसांत न धुतलेल्या कवळीच्या त्या घडीत नख हलकेच ओढून पाहावे. नखाखाली पांढरट, चिकट साय येते. ती सकाळच्या पोह्यांची नव्हे. ती जिवाणू आणि बुरशीची वस्ती आहे, आणि नुसत्या चूळ भरण्याने ती हलत नाही. ब्रश त्या घडीत गोल फिरवावा लागतो. कवळी काढली की तोंडही रिकामे सोडायचे नाही. ओल्या मऊ कापडाने किंवा मऊ ब्रशने हिरड्या, टाळू आणि जीभ हलकेच पुसून घ्यायची. सगळे मिळून तीन-चार मिनिटांचे काम.

पाण्याचीही एक गोष्ट सांगायला हवी. नाथसागर जलाशय इतका जवळ असूनही वाळूजच्या वसाहतींत बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर भागवणारी घरे कमी नाहीत. जड पाण्याचे क्षार बादलीवर, नळाच्या तोंडावर बसतात तसे कवळीवरही बसतात. तोंडातल्या लाळेतला चुनाही त्यात भर घालतो. हा खडबडीत थर खरवडून काढायला कुणी ब्लेड वापरते, कुणी सुई. दोन्ही नको. पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम्मे करून कवळी काही वेळ त्यात ठेवली, मग ब्रश फिरवून साध्या पाण्याने नीट धुतली की थर मऊ पडतो. तरीही निघाला नाही तर ते काम दातांच्या डॉक्टरांचे.

दुसरा गैरसमज उकळत्या पाण्याचा. ‘लहान बाळाची बाटली उकळतो, मग कवळी का नाही?’ प्रश्न तर्काला धरून आहे, उत्तर कवळी कशी बनते त्यात आहे. ॲक्रिलिकची पूड आणि द्रव कालवून कणकेसारखा गोळा करतात, तो प्लास्टरच्या साच्यात दाबतात आणि साचा गरम पाण्यात ठेवून पक्का करतात. आकार उष्णतेतूनच आलेला असतो. तीच उष्णता पुन्हा मिळाली की आत दडलेला ताण मोकळा होतो आणि कवळी जराशी वाकते. हे वाकणे केसाएवढे असले तरी टाळूवर चिकटून बसणाऱ्या वस्तूला तेवढे पुरते. वाळूजमध्ये इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनवर उभे राहिलेल्या कोणालाही गरम भाग साच्यातून लवकर काढला की तो कसा पिळवटतो हे ठाऊक आहे. तेव्हा उकळते पाणी नाही, गरम पाणी नाही. साधे किंवा फार तर कोमट.

ब्लीचचेही तसेच आहे. कपड्याचे डाग जातात म्हणून कवळी रात्रभर ब्लीचच्या पाण्यात टाकणारी घरे आहेत. अमेरिकेतील कृत्रिम दात बसवणाऱ्या (प्रोस्थोडॉन्टिस्ट) डॉक्टरांच्या संघटनेने २०११ मध्ये कवळीच्या निगेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत स्पष्ट म्हटले आहे की अशा द्रावणात कवळी दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. जास्त वेळ ठेवली की गुलाबी रंग उडतो. आणि तारेची किंवा धातूच्या पत्र्याची कवळी असेल तर ब्लीचला हातच लावायचा नाही, कारण धातू खराब होतो.

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या फसफसणाऱ्या गोळ्यांबद्दल दोन शब्द. त्या उपयोगी आहेत, पण ब्रशची जागा घेत नाहीत. अनेक गोळ्यांत पर्सल्फेट हे रसायन असते. त्यामुळे तीव्र त्रास झाल्याचे किमान ७३ अहवाल आल्यावर, त्यांत एक मृत्यूही होता, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये उत्पादकांना वेष्टणावरच्या सूचना बदलायला सांगितले होते. काहींना ॲलर्जी झाली होती, काहींनी ते पाणी चुकून पोटात घेतले होते. ज्या घरात आजोबांना विसरभोळेपणा सुरू झाला आहे, तिथे गोळी टाकलेला ग्लास त्यांच्या उशाशी ठेवू नये. आणि गोळीच्या पाण्यातून काढलेली कवळी वाहत्या पाण्याखाली धुतल्याशिवाय तोंडात घालू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे. ‘रात्री कवळी काढायची काय गरज?’

याचा प्रतिवाद सगळ्यात जोराने करायला हवा, कारण इथे प्रश्न कवळीच्या आयुष्याचा राहत नाही, माणसाच्या जिवाचा होतो. जपानमध्ये ५२४ वृद्धांचा एक अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये दंतविज्ञानाच्या एका नामवंत नियतकालिकात तो छापून आला. या लोकांचे सरासरी वय ८८ च्या जवळ होते. तीन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. त्या काळात न्यूमोनियाने २० जण दगावले आणि २८ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कवळी वापरणाऱ्या ४५३ जणांपैकी १८६ जण ती घालूनच झोपत. त्यांच्यात न्यूमोनियाचा धोका, कवळी काढून झोपणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे २.३ पट आढळला. पूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाला न्यूमोनियाचा जेवढा धोका असतो, त्याच्या तोडीचा हा धोका.

यावर चोखंदळ वाचक म्हणेल की हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, कवळीमुळेच न्यूमोनिया झाला असे त्याने सिद्ध होत नाही. बरोबर आहे. पण वाट कोणती असावी ते सरळ आहे. झोपेत लाळ कमी होते, तोंड कोरडे पडते, टाळू आणि कवळी यांच्यामधल्या उबदार फटीत जंतू वाढतात. वय झालेल्या माणसाला झोपेत लाळेचा थेंब श्वासनलिकेत जाणे नवे नाही. त्या थेंबाबरोबर काय आत जाते, हे कवळीच्या आतल्या सायीवर अवलंबून असते. त्याच अभ्यासात कवळी घालून झोपणाऱ्यांच्या जिभेवर आणि कवळीवर थर अधिक, हिरड्यांची सूज अधिक आणि कॅन्डिडा बुरशीही अधिक आढळली. कवळी काढून ठेवायला एक पैसा पडत नाही. न काढण्याचा धोका पत्करण्यासारखे या सौद्यात आहे तरी काय?

पण सौदा पैशाचा नसतो, लाजेचा असतो. हे मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलणे खोटे ठरेल. रांजणगावच्या दोन खोल्यांच्या घरात मुलगा, सून, नातवंडे आणि आजी एकाच छताखाली झोपतात. बोळक्या तोंडाने सुनेसमोर, जावयासमोर यायला आजीला संकोच वाटतो. रात्री कुणी पाहुणा आला तर? पहाटे पाण्याचा टँकर आला आणि दारात जावे लागले तर? ही भीती खरी आहे, तिच्यावर हसणे निर्दयपणाचे आहे. म्हणून उपाय त्या माणसाच्या बाजूने शोधायला हवा. रात्रभर काढणे जमत नसेल तर दुपारी जेवणानंतर, दार लोटून पडताना काढावी. दिवसाच्या चोवीस तासांत हिरड्यांना सहा-आठ तास मोकळे मिळाले पाहिजेत, ते कोणते हे ज्याने त्याने ठरवावे. पण त्याआधी घरातल्या तरुणांनी एक काम करावे. आजी कवळी काढून बोलली तेव्हा नातवाने खिदळणे आणि बापाने ते चालवून घेणे बंद झाले पाहिजे.

रात्री कवळी न काढण्याच्या सवयीच्या मुळाशी आणखी एक गंमतीशीर वाटणारे पण महागात पडणारे कारण आहे. काही वेळा दात काढल्या काढल्या त्याच बैठकीत कवळी बसवतात. तेव्हा डॉक्टर बजावतात, ‘पहिला दिवसभर ही काढू नका.’ जखमेवर ती पट्टीसारखी राहावी म्हणून ते बरोबरच असते. एका दिवसाची ती सूचना घरात कायमचा नियम होऊन बसते. पाच वर्षांनी विचारले तरी माणूस सांगतो, ‘डॉक्टरांनीच सांगितलंय काढू नका म्हणून.’

काढून ठेवलेली कवळी कोरडीही ठेवायची नाही. रुमालात गुंडाळलेली कवळी सुकते, आकारात सूक्ष्म फरक पडतो, सकाळी बसवताना टोचते, आणि मग ‘रात्री काढली की बसत नाही’ ही तक्रार जन्माला येते. झाकणाच्या वाटीत, बुडेल एवढ्या साध्या पाण्यात ती ठेवावी. पाणी रोज बदलावे. पाणी जपून वापरणाऱ्या घरालाही एक वाटी जड नाही. आषाढीला वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुराला पायी निघालेल्या माणसाच्या पिशवीतही ही डबी मावते. रुमालातली कवळी मात्र प्रवासात टपरीवर, धर्मशाळेत, एसटीच्या सीटवर राहते आणि हरवते.

‘मला तर काहीच त्रास नाही’ हा आणखी एक बचाव. तो प्रामाणिक असतो, म्हणूनच धोकादायक. कवळीखाली बुरशीने टाळू लाल होते त्या आजारात बहुतेकांना दुखत नाही. आरशात टाळू कोण बघतो? कवळी काढल्यावर टाळूवर कवळीच्या आकाराची लाल ठशासारखी खूण दिसली, तर त्रास आहेच, फक्त तो बोलत नाही. मधुमेह असेल, बीपीच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडत असेल, दम्याचा पंप चालू असेल, तर ही बुरशी लवकर पाय पसरते.

ओठांचे कोपरे फाटले की वाळूजच काय, महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात मेडिकलवाल्याकडून बी-कॉम्प्लेक्सची पट्टी घेतली जाते. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना. कवळी वापरणाऱ्याच्या बाबतीत अनेकदा मूळ वेगळेच असते. कवळीचे दात झिजून चेहऱ्याची उंची कमी झालेली असते, ओठांचे कोपरे एकमेकांवर घडी घालतात, त्या ओल्या घडीत लाळ साचते आणि बुरशी वाढते. जुनी, झिजलेली, न धुतलेली कवळी तशीच ठेवून जीवनसत्त्वे खात राहणे म्हणजे गळक्या पत्र्याखाली बादली ठेवून पत्रा तसाच सोडणे.

आणि जखम. ‘कवळी लागते’ हे दोन शब्द ज्या बेफिकिरीने उच्चारले जातात त्याचा राग यावा असे आहे. कवळीच्या कडेने जखम होते, हे खरे. ती कडा डॉक्टरांनी घासून दिली की जखम भरते, हेही खरे. पण दोन आठवड्यांत न भरणारी जखम तपासून घेतलीच पाहिजे, हा तोंडाच्या आजारांतला साधा नियम आहे. ज्या पिढीने तंबाखू, गुटखा, मिशरी यांत तीस-चाळीस वर्षे काढली, तिच्यासाठी तर हा नियम डोळ्यांसमोर लिहून ठेवण्याचा आहे. तोंडाचा कर्करोग कवळीखाली लपून वाढू शकतो आणि ‘कवळी लागते’ म्हणत माणूस तीन-तीन महिने घालवतो. तोंडात एकही दात उरलेला नसला तरी वर्षातून एकदा तोंड दाखवायला जायचे. दात नाहीत म्हणजे दातांच्या डॉक्टरांशी संबंध संपला, ही समजूत जीव घेणारी आहे.

कवळी ढिली होण्याचे खापरही चुकीच्या माथ्यावर फुटते. ‘माप नीट घेतलं नाही’ असे म्हणून डॉक्टर बदलणारे बरेच. कधी ते खरेही असेल. पण दात काढल्यावर जबड्याचे हाड वितळत जाते, पहिल्या वर्षी सर्वांत वेगाने आणि पुढे आयुष्यभर हळूहळू. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पंचवीस वर्षे चाललेल्या संशोधक टॅलग्रेन यांच्या अभ्यासात खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजल्याचे दिसले. खालचीच कवळी का उडते, याचे उत्तर तिथे आहे. कवळी होती तशीच राहते, तिच्याखालची जमीन खचते. मग काही वर्षांनी आतून नवा थर भरून घ्यावा लागतो किंवा नवी करावी लागते.

हे न करता घरगुती उद्योग सुरू होतात. मोडलेली कवळी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडायची, टोचणारी कडा कानशीने घासायची, ढिली बसते म्हणून चिकटपूड दिवसातून चार वेळा भरायची. कारखान्यात जुगाडाचे कौतुक होते, इथे ते चालत नाही. गोंदाने तुकडे केसभर चुकीचे जुळले की प्रयोगशाळेलाही ते नीट जोडता येत नाहीत, साधी दुरुस्ती नव्या कवळीच्या खर्चात जाते. कानशीने उलट बाजू घासली गेली की पकड गेलीच. चिकट क्रीमचा अतिरेकही निरुपद्रवी नाही. जस्त असलेले क्रीम वर्षानुवर्षे वारेमाप वापरणाऱ्या काही रुग्णांच्या शरीरातले तांबे घटून मज्जातंतूंना इजा झाल्याचे २००८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले, आणि २०१० मध्ये एका मोठ्या कंपनीने आपल्या क्रीममधून जस्त काढून टाकले. कवळी टिकायला रोज जास्तीत जास्त क्रीम लागत असेल तर कवळीचे माप तपासायची वेळ आली आहे.

‘कवळी विसरा, फिक्स दात लावा’ अशा जाहिराती आता हमरस्त्यावर दिसतात. ज्याला परवडते आणि ज्याच्या जबड्यात हाड आहे, त्याने इम्प्लांट जरूर लावावे. पण कवळी म्हणजे अडाण्यांचा, गरिबांचा जुना उपाय, हा जो सूर त्या जाहिरातींतून निघतो तो चुकीचा आहे. इम्प्लांटलाही रोजची सफाई लागते, ती नाही झाली तर त्याच्याभोवतीचे हाड झिजते. कवळीची निगा ज्याला जमली नाही, त्याला स्क्रूवर बसवलेल्या दाताची निगा आपोआप जमेल असे समजण्याला आधार नाही. आणि नीट बसवलेली, नीट ठेवलेली कवळी माणसाला जेवायला, बोलायला, चारचौघांत हसायला पुरेशी होते. वाळूजमधल्या पेन्शनवर जगणाऱ्या हजारो घरांसाठी ती आजही सर्वांत आवाक्यातली गोष्ट आहे.

दंतवैद्य म्हणतील, ‘आम्ही सांगतो, पेशंट ऐकत नाहीत.’ हाही बचाव पुरा पडत नाही. सूचना केव्हा दिल्या जातात ते पाहा. नवी कवळी नुकतीच तोंडात बसलेली, लाळ सुटलेली, जीभ बावचळलेली, सगळे लक्ष ‘ही टिकेल का’ याकडे. त्या क्षणी दोन मिनिटांत सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी एक लक्षात राहते. हातात पडणारा कागद अनेकदा इंग्रजीत असतो. सोबत आलेला मुलगा बाहेर मोबाइलवर असतो, आणि कवळी धुण्याचे काम पुढे पडणार असते सुनेवर, जिला आत बोलावलेलेच नसते. आठ दिवसांनी बोलावून, कवळी काढायला लावून, ब्रश हातात देऊन ‘आता तुम्ही धुऊन दाखवा’ असे म्हणायला हवे. हे शिकवणे म्हणजे उपचाराचाच भाग आहे.

सरकारी पातळीवर कवळीला एकदा तरी मान मिळाला आहे. १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची आणि चष्मा यांच्याबरोबर कवळीचेही नाव यादीत आहे. राज्याने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना ३००० रुपये मिळतात. तिच्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, मानेचा पट्टा यांची नावे आहेत, कवळीचे नाही. ते घालावे. आणि कवळी देताना सोबत झाकणाची डबी, मऊ ब्रश आणि मराठीतला एक कागद द्यावा.

छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयाच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. पैठण रस्त्यावर कांचनवाडीला छत्रपती शाहू महाराज शिक्षण संस्थेचे दंत महाविद्यालय आहे. वाळूजहून दोन्हीकडे एका दिवसात जाऊन येता येते, आणि खासगी दवाखान्यापेक्षा तिथे खर्च कमी येतो. तिथल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एक विनंती आहे. महिन्यातून एक दिवस बजाजनगरात, रांजणगावात, ज्येष्ठ नागरिक बसतात त्या कट्ट्यावर या. तपासणी शिबिरे खूप होतात, एक शिबिर कवळी धुण्याचे घ्या. एक टब, एक ब्रश, लिक्विडची एक बाटली आणि समोर वीस आज्या-आजोबा, आपापल्या कवळ्या हातात घेऊन. सोबत सुनांना आणि मुलांना बसवा.

तोवर घरच्यांनी थांबायचे कारण नाही. आज रात्री जेवणे उरकली की वडिलांना, आईला, सासूबाईंना विचारा, ‘कवळी कुठे ठेवता?’ उत्तर ‘तोंडातच’ असे आले, तर रागावू नका. उद्या बाजारातून येताना झाकणाची एक डबी आणि लहान मुलांचा एक मऊ ब्रश आणा. पहिले चार दिवस तुम्हीच धुऊन द्या, टाळू टॉर्चने पाहा, लाल दिसली किंवा जुनी जखम दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. आणि ती डबी न्हाणीच्या कोनाड्यात नको, चष्म्याच्या डबीशेजारी ठेवा.